कात्रीवाल्या बाईचा चेहरा

चुरी सरांना पेपर वाचताना मी क्वचितच पाहिलं. ते पेपर बघायचे. हात लांब करून, डोळे बारीक करून, आधी सरळ आणि मग उलटा धरून. उलटा धरला की अक्षरं नाहीशी होतात आणि पानावर कोणी किती जागा अडवली आहे तेवढंच उरतं, असं त्यांचं म्हणणं. "हे बघ बाय, हा काळा ठोकळा साहेबांच्या वाढदिवसाचा. हा रंगीत ठोकळा बंगल्यांच्या स्कीमचा. मधे ही करडी चिंधी दिसते ना, ती बातमी. आता सांग, पेपर कोणाचा?" मी सांगायच्या आत ते पेपर घडी करून काखेत मारत, म्हणजे उत्तराची त्यांना गरज नसे.

मी डहाणूच्या एका साप्ताहिकात पानं लावते. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, चिकूच्या खोक्यांची लेबलं आणि आठवड्यातून एकदा पेपर, असं आमचं दुकान. मालक आणि संपादक किरीटभाई. सर चिंचणीच्या शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, समुद्राकडच्या वाडीत थोरल्या भावाच्या शेजारी राहणारे, वर्गात खडू फेकून मारण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांच्या तिरसटपणाच्या गोष्टी सांगायला बसले तर कोणीही पोट धरून हसेल. पण मला सर आठवतात ते त्यांच्या एका चित्रामुळे. त्या चित्रापायी एका म्हातारीच्या जिवावर बेतलं होतं. त्यानंतर सरांनी जे केलं ते बरोबर होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या चित्रातली कात्रीवाली बाई मुळात आपल्याकडची नव्हे. ती फ्रान्सची.

वाडीत सरांची एक पत्र्याची शेड होती. अर्ध्या शेडमध्ये चिकूची खोकी, अर्ध्यात सर. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेली जुनी पिवळट पानं. मुंबईत चित्रकला शिकत असताना फुटपाथवर त्यांना एक फाटका जाडजूड ग्रंथ मिळाला होता. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या पेपरांत छापलेली व्यंगचित्रं, आणि त्यातली पुष्कळशी पेपरवाल्यांवरचीच. म्हणजे पेपर काढणारे पेपरांची टर उडवतात, तीही पेपरातच. सरांना फ्रेंच येत नव्हतं. तरुणपणी शब्दकोश घेऊन बसले, मग कंटाळले. पुढे मुलीने कॉम्प्युटर शिकवल्यावर एकेका चित्रामागची हकीकत त्यांनी शोधून काढली आणि ती आम्हाला ऐकवून ऐकवून पाठ करायला लावली. अख्खं कुटुंब टेबलाभोवती बसलंय, प्रत्येकाच्या तोंडापुढे वेगळा पेपर आणि सूप मांजर पितंय. एक संपादक वाऱ्याच्या दिशेने फिरणारा कोंबडा होऊन छपरावर बसलाय. आणि ती म्हातारी. नाकावर चष्मा, खांद्यावर घुबड, हातात स्वतःपेक्षा मोठी कात्री. ती म्हणजे सेन्सॉर, पेपरातला नको तो मजकूर कापणारी.

"त्या लोकांनी बंदीला सुद्धा चेहरा दिला," सर म्हणायचे. "आपण बंदीला 'वरून आदेश' म्हणतो. वर कोण बसलाय ते काढून दाखव की!"

त्यांचा आवडता किस्सा असा. राजाची टर उडवणाऱ्या एका चित्राबद्दल कोर्टाने तिथल्या पेपरला शिक्षा केली आणि निकाल छापायला लावला. पेपरने निकाल छापला, पण ओळी अशा लावल्या की मजकुराचा आकार त्याच चित्रासारखा झाला. हे सांगताना सरांना इतकं हसू यायचं की चष्मा काढून डोळे पुसावे लागत. दुसरा किस्सा एका कायद्याचा. पुढे तिथे असा नियम आला की ज्याचं व्यंगचित्र काढायचं त्याची आधी परवानगी घ्यायची. "म्हणजे मी किरीटभाईंना विचारायचं, शेठ, तुमचं नाक जरा मोठं काढू का? मग ते व्यंगचित्र कसलं, तो पासपोर्टचा फोटो!" या कायद्यावर ते फार हसले.

आमच्याकडे चित्र द्यायला ते तयार झाले ते एका अटीवर. पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेपरांवरचं एक चित्र, दर अंकात, आणि ते संपादकाने छापून होईपर्यंत बघायचं नाही. सर चित्र थेट माझ्याकडे देणार, मी लावणार. किरीटभाईंनी ही अट का मान्य केली ते त्यांनाच ठाऊक. कदाचित त्यांना वाटलं असेल, म्हातारा फुकट देतोय, काय बिघडतं. पहिल्याच अंकात सरांनी त्यांना हॉटेलचा वेटर केला. हातात थाळी, सगळ्या वाट्यांत जाहिराती, आणि कडेला लोणच्याएवढी बातमी. अंक हातात घेऊन किरीटभाई लालबुंद होऊन माझ्या टेबलापाशी आले. "आ शुं छे, वैशालीबेन? माझाच पेपर, माझाच कागद, आणि माझीच थाळी?" मग त्यांनी तो अंक घडी करून खिशात ठेवला. नंतर कळलं, वलसाडला सासुरवाडीला त्यांनी तो कौतुकाने दाखवून आणला होता.

चूक दुरुस्तीबाबत मात्र सर कसायासारखे होते. एकदा आम्ही बोर्डीच्या एका चांगल्या हिंडत्याफिरत्या गृहस्थांचा फोटो श्रद्धांजलीत छापला. फोटो अदलाबदल झाला होता. किरीटभाई म्हणाले, पुढच्या अंकात आत कुठेतरी दोन ओळी टाकू. सर ऐकेनात. "खोटं जेवढं मोठं छापलं, खुलासा तेवढाच मोठा, त्याच पानावर, त्याच जागी. नाहीतर तो खुलासा नव्हे, लपवालपवी." शेवटी खुलासा पहिल्या पानावर गेला, आणि त्याच्या खाली सरांचं चित्र, मेलेल्या माणसाला किरीटभाई चहा पाजताहेत. त्या गृहस्थांनी दहा अंक विकत नेले. हा नियम सरांनी आमच्या डोक्यात इतका ठोकून बसवला की आजही चूक झाली की मी आधी ती पट्टीने मोजते.

त्या पावसाळ्यात गंजाडच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावर जाणारा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला. बांधून फार दिवस झाले नव्हते. ठेकेदार मोठा, सगळ्यांच्या ओळखीचा, सगळ्या पेपरांना दिवाळीला जाहिरात देणारा. साकव कोसळला तेव्हा त्यावरून जाणारी एक पोरगी ओढ्यात पडली, तिला तिच्या बापाने केसाला धरून ओढून काढलं. एवढं होऊन दुसऱ्या कुठल्याच पेपरात त्याची एक ओळ आली नाही. आम्ही छापली ती आत, दुसऱ्या बातमीच्या शेपटाला. सर चिडले, आणि त्यांनी चित्र काढलं.

ते चित्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते सुंदर होतं. वर्तमानपत्राच्या लांब पट्टीचा केलेला साकव. त्यावरून चाललेली बायकापोरं. आणि काठावर उभी ती कात्रीवाली, साकव मधोमध कापतेय, आणि पोरं खाली पडताहेत. फक्त यावेळी तिला चष्मा नव्हता, झगा नव्हता. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं होतं, गळ्यात मण्यांच्या माळा होत्या, एक पापणी अर्धी मिटलेली होती आणि नाक जरा डावीकडे वाकलेलं होतं. खांद्यावर घुबड होतंच. खाली ओळ नव्हती. सरांच्या चित्राखाली कधीच ओळ नसे. ओळ लागली तर चित्र नापास, असं ते वर्गातही सांगत.

मी विचारलं, "सर, हा चेहरा कुठला?"

"बाजारात दिसला," सर म्हणाले. "काय चेहरा आहे! सगळा डोंगर आहे त्यात."

मी चित्र लावलं.

अंक निघाल्यावर दोन-चार दिवसांनी भिवाचा फोन आला. भिवाची गंजाडला टपरी आहे, आमचा पेपर तिकडे तोच वाटतो. एरवी फोनवर आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलणारा माणूस, त्या दिवशी हॅलो पण म्हणाला नाही. "वैशालीताई, सर कुठं हायेत? त्या चित्रातली बाई चैती हाय म्हनतात. चैतीच हाय ती. सगल्यांच्या मोबाईलवर हाय."

झालं होतं ते असं. कोणीतरी चित्राचा फोटो काढला, आजूबाजूचा पेपर कापून टाकला, आणि फक्त चित्र पाठवलं. ते गंजाडवरून पाड्यांवर, पाड्यांवरून हायवेला अच्छाडच्या ट्रकवाल्यांपर्यंत फिरून पुन्हा पाड्यावर आलं. पेपरची पट्टी आता नुसता साकव झाली होती. आणि तो कापणारी, पोरांना ओढ्यात पाडणारी, खांद्यावर घुबड घेतलेली बाई त्याच पाड्यावर राहत होती. विधवा, म्हातारी, एक पापणी मिटलेली. ओढ्यात पडलेल्या पोरीला ताप भरला होता आणि तो उतरत नव्हता. पाड्यावर एकच शब्द फिरत होता, भुताळी, म्हणजे चेटकीण. तिकडे हा शब्द एकदा बाईला चिकटला की तिला गाव सोडावं लागतं, आणि कधी कधी गाव सोडायलाही वेळ मिळत नाही.

"आज भगत बसवलाय," भिवा म्हणाला. "लोक जमल्यात. तुमी काय ते करा, पन लवकर करा."

मी सरांना फोन लावला. ते आधी वैतागले. "त्यांना चित्र कळत नाही त्याला मी काय करू? ती बंदी आहे!" भगत बसवल्याचं मी सांगितलं.  मग म्हणाले, "तुझी स्कूटर आहे ना? ये."

किरीटभाईंनी पोलिसांना फोन केला आणि आम्हाला हात जोडले. "सर, तमे नका जाऊ. ते लोक चिडलेत. पोलीस बघून घेतील." सर माझ्यामागे स्कूटरवर बसलेले होते. म्हणाले, "पोलीस येतील तेव्हा त्यांना चित्र समजावून सांगणार कोण?"  वाटेत त्यांची बोटं माझ्या खांद्यावर रुतत होती, तेवढंच मला कळत होतं. मला भीती वाटत होती आणि सरांचा रागही येत होता, हे लपवून काय उपयोग.

ओढ्याला कमरेच्या खाली पाणी होतं. साकवाचे दोन खांब उभे होते, मधला भाग गायब. स्कूटर अलीकडे ठेवून, एकमेकांना धरून आम्ही पलीकडे गेलो. भिवा वाट बघत उभाच होता.

पाड्याच्या मधल्या अंगणात माणसं बसली होती. आवाज नव्हता, हे मला जास्त भयंकर वाटलं. मधे कौल देणारा भगत, पुढ्यात सुपात तांदूळ. एका बाजूला पोरीचा बाप, काशिनाथ, हातात मोबाईल. आणि सगळ्यांपासून लांब, एका झोपडीच्या ओट्यावर एकटी बसलेली ती. मी तिला पाहिलं आणि लगेच ओळखलं. सरांनी नुसता चेहरा घेतला नव्हता, ती बसते कशी, मान कशी वाकडी करते, सगळं उचललं होतं. तिच्या ओट्याजवळून बायका आपापली पोरं आत ओढत होत्या.

सर सरळ मधे गेले. "मी चुरी मास्तर. ते चित्र मी काढलंय."

काशिनाथने मोबाईल त्यांच्या तोंडापुढे धरला. "ही कोन?"

आणि सर समजावून सांगायला लागले. फ्रान्समध्ये अशी एक बाई चित्रात काढतात, ती खरी बाई नसते, ती बंदी असते, म्हणजे बातमी दाबणारे लोक. साकवाची बातमी दाबली म्हणून मी ती साकव कापताना दाखवली. मी कडेला उभी होते आणि एकेका वाक्यासरशी मला दिसत होतं की हे बिघडत चाललंय.

"म्हंजे साकव हिनंच कापला?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही हो! ही बाई नाही. ही बंदी आहे."

"बंदी कोनाची? कोनी घातली?"

"पन तोंड तर हिचाच हाय," काशिनाथ म्हणाला. तो ओरडत नव्हता. त्याचे डोळे झोप नसल्याने लाल झाले होते. "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. तुमाला कायतरी कळला म्हनून तुमी काढला ना? उगाच पेपरात कोन कोनाचा तोंड छापील?"

 चाळीस वर्षं सर लोकांना सांगत आले होते की पेपरात आलं म्हणजे खरं असं नसतं. आणि समोर एक माणूस उभा होता ज्याचा पेपरावर पूर्ण विश्वास होता, तोही त्यांच्याच चित्रामुळे.

सर वळले आणि चैतीच्या ओट्याकडे गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजी, मला पाणी दे." मला त्यांचा विचार कळला. सगळ्यांदेखत तिच्या हातचं पाणी प्यायचं, म्हणजे लोकांची भीती जाईल.

चैती हलली नाही. "तुला मी पानी नाय देनार."

अंगणात कुजबुज झाली. ती उठून उभी राहिली, आणि इतका वेळ मुकी वाटणारी ती बाई कडाडली. "माझा तोंड कशाला घेतलास? मना इचारलास? मी बाजारात शेंगा विकाया बसते, तोंड विकाया नाय. तुला म्हातारी पायजे होती तर तुझ्या आयचा तोंड घ्यायचा होतास!"

सर तिच्यासमोर मान खाली घालून उभे होते. शाळेत खडू मारणारे सर. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग भगत बोलला. इतका वेळ तो तांदळातून बोटं फिरवत होता. वयस्कर, शांत माणूस. म्हणाला, "मना दान्यात चित्रातला काय दिसत नाय. ज्यानं काढला, त्यालाच ठाव. मास्तर, इकडं या." त्याने मूठभर तांदूळ सरांच्या हातात दिले. "हातात कणसरी हाय. धान्याची देवी. तिच्यापुढं खोटा बोलला त्याच्या घरात दाना टिकत नाय. आता सांगा. ह्या चित्रातली बाई कोन?"

 खरं उत्तर एकच होतं, चेहरा चैतीचा, आणि ते दिलं की संपलं. आणि सर खोटं बोलत नसत. चित्रातही नाही. त्यांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी होती जिच्याबद्दल त्यांना गर्व होता.

सरांनी मुठीतल्या तांदळाकडे पाहिलं.

"माझी आई," ते म्हणाले.

काशिनाथने मोबाईल पुन्हा वर धरला.

"माझी आई आहे ती. तिची एक पापणी अशीच मिटलेली होती. नाकही असंच. ती गेली. मला चित्रासाठी वाईट बाई काढायची होती, तर तिचाच चेहरा हाताला आला."

"तुझी आय भुताळी होती?" काशिनाथने विचारलं.

 सर म्हणाले, "होय."

अंगण सैल झालं. दुसरा शब्द मला सापडत नाही. खांदे खाली आले, एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली, भगताने सूप बाजूला सारलं आणि काशिनाथला म्हणाला, "पोरीला दवाखान्यात ने. हितं काय नाय." ओढ्यापलीकडे पोलिसांची गाडी येऊन उभी होती. काशिनाथने पोरीला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला आणि त्याच गाडीतून तिला नेलं. छातीत कफ साठला होता. पोरगी वाचली.

निघताना मी मागे पाहिलं. चैती ओट्यावर उभी राहून सरांच्या पाठीकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. स्वतःचा चेहरा माणूस ओळखणार नाही का?

ओढा ओलांडल्यावर सर दगडावर बसले आणि हात धुवायला लागले. धूत राहिले. "बाय, त्या परवानगीच्या कायद्यावर मी किती हसलो," एवढंच म्हणाले.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या आमच्या गावांमध्ये ती माउली सगळ्यांना माहीत होती. रात्री-अपरात्री कोणाच्याही घरी बाळंतपणाला जायची, बागाईतदाराच्या घरी तशीच कोळ्याच्या घरी. तिच्या दोन्ही पापण्या धडधाकट होत्या आणि नाक सरळ होतं. सर तिच्याबद्दल कधी फार बोलत नसत, पण तिच्या आठवणीने त्यांचा आवाज बदलायचा.

तिकडे जे बोललं गेलं ते इकडे यायला किती वेळ लागणार? एका पेपरने तर बातमीच केली. आमचा नव्हे. व्यंगचित्रकाराने भर सभेत कबूल केलं, आई भुताळी होती. ज्या पेपरांना साकवाची एक ओळ जड झाली होती त्यांच्यापैकीच हा एक, आणि याला पाव पान जागा मिळाली. मला वाटलं सर उसळतील. ते पेपर उलटा धरून बघत बसले. "जागा बरी दिलीय," म्हणाले.

आणि मग ते सुरू झालं ज्याची मला कल्पना नव्हती. किनाऱ्यावरचे शहाणेसुरते लोक, ज्यांची स्वतःची नाळ त्या बाईने कापली होती, ते आठवायला लागले. अमक्याचं पहिलं मूल तिच्याच हातून गेलं होतं ना? ती अमावास्येलाही जायची म्हणे. मुलगाच सांगतोय म्हटल्यावर काहीतरी असेलच. डोंगरातल्या लोकांना अडाणी म्हणून नाकं मुरडणारे हे लोक! माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

सरांचे थोरले भाऊ, दादा, एक दिवस सरांच्या घरात आले, भिंतीवरचा आईचा फोटो काढला आणि आपल्या घरी घेऊन गेले. "तुला तो ठेवायचा हक्क नाही," म्हणाले. त्यानंतर दोन्ही घरांमधलं फाटक बंद झालं. आईच्या श्राद्धालाही सरांना बोलावलं नाही. सरांनी दादांनाही खरं सांगितलं नाही. एकाला सांगितलं की ते दहा तोंडी होणार, आणि पाड्यावर पोचणार.

मी न राहवून म्हटलं, "सर, आपण खुलासा छापू. मी लिहिते."

"केवढा छापशील?" त्यांनी विचारलं. "तेवढाच मोठा, त्याच जागी ना? तेवढा मोठा छापला तर तो डोंगरात वाचला जाईल. मग ती बाई कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहील." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "जन्मभर दुसऱ्यांचे खुलासे मागितले. आपला मागता येत नाही, ही गंमत आहे."

चित्रं ते देत राहिले, पण त्यात माणसांना चेहरे नसत. सगळे पाठमोरे. एकदा त्यांनी किरीटभाईंचं चित्र काढायचं ठरवलं तेव्हा दुकानात येऊन विचारलं, "शेठ, काढू का?" किरीटभाई खुर्चीतून उठले. "सर, तमे मने पूछो छो?" म्हणाले आणि आत जाऊन कागदाची रिमं उगाच इकडची तिकडे करत बसले.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते थंडीत. त्यानंतर मुलगी त्यांना वापीला घेऊन गेली. मी चित्र आणायला वाडीत गेले होते, सर अंगणात बसले होते. रस्त्यावर टमटम थांबली आणि डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेतलेली चैती उतरली. तिने सरांना पाहिलं आणि पाटी खाली ठेवली.

"तुझी आय दाखव."

सर म्हणाले, "फोटो इथे नाही. दादांकडे आहे, त्या शेजारच्या घरात. ते मला आत घेत नाहीत."

"मना घेतील," ती म्हणाली, आणि फाटक ढकलून सरळ गेली. मी तिच्यामागे धावले. सर आमच्यामागून आले ते दादांच्या पायरीपर्यंत. तिथेच थांबले.

दादा ओसरीवर पेपर वाचत होते. अनोळखी म्हातारी घरात शिरतेय बघून उठून उभे राहिले. ती त्यांच्याकडे न बघता आत गेली. समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली आणि खूप वेळ बघत राहिली. मग घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"बाय, मी चैती. तुझा पोरगा खोटा बोलला. माझ्यापायी बोलला. मना म्हाईत हाय, आता तुला पन सांगतला. बाकी कोनाला सांगू नको, नायतर मना मारतील."

तिने जमिनीला डोकं टेकलं, उठली आणि आमच्यामधून वाट काढत बाहेर गेली. सरांजवळून जाताना थांबली नाही.

दादांच्या हातातला पेपर गळून पडला होता. ते बाहेर आले, पायरीवर उभ्या असलेल्या भावाकडे बघत राहिले. सर खाली बसले आणि आवाज करून रडायला लागले. इतक्या महिन्यांचं एकदम. दादा त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मीही रडत होते.

चित्र मागायचं माझ्याने झालं नाही. त्या आठवड्यात पहिल्या पानावरचा तो कोपरा, तेवढाच मोठा, त्याच जागी, आम्ही कोरा सोडला. किरीटभाईंना एवढंच सांगितलं की या वेळी चित्र नाही. त्या जागेसाठी जाहिरात आली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती परत पाठवली.